सांध्यातली सळई

रात्रीच्या एसटीनं सिमेंटच्या रस्त्यावरून जाताना एक आवाज सतत सोबत असतो. टक्-टक्, टक्-टक्. डांबरी रस्ता लागला की तो थांबतो, सिमेंटचा आला की पुन्हा सुरू होतो. गाडीनं वेग घेतला की त्याची लय वाढते, चढावर मंदावते. शेजारचा एखादा प्रवासी झोपेतून जागा होऊन म्हणतो, "काम कच्चं दिसतंय, जागोजागी चिरा ठेवल्यात." मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. मी काही इंजिनिअर नाही. बी. ए. झालेला आणि कवितेच्या नादी लागलेला माणूस. रस्त्यावरून जाणं एवढाच माझा रस्त्याशी संबंध.

काही वर्षांपूर्वी एका महामार्गाच्या कामाजवळच आमची गाडी पंक्चर झाली. तास-दीड तास थांबणं भाग होतं. रस्त्याच्या कडेला लोखंडी घोडे मांडून ठेवले होते आणि प्रत्येक घोड्यावर सळ्या ओळीनं बसवलेल्या होत्या. कोयत्याच्या मुठीएवढ्या जाड, हातभर लांब. नवल वाटलं ते दोन गोष्टींचं. एक म्हणजे या सळ्या घराच्या स्लॅबला वापरतात तशा पिळाच्या नव्हत्या, अगदी गुळगुळीत होत्या. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक सळईच्या निम्म्याहून अधिक भागावर प्लॅस्टिकचं पातळ आवरण चढवलेलं होतं. मी तिथल्या मुकादमाला विचारलं, "का रे बाबा, काँक्रीटनं सळई घट्ट धरावी म्हणून तिला पीळ देतात. तुम्ही तर तिला उलट प्लॅस्टिक घालताय!"

तो हसला. म्हणाला, "चाचा, ही सळई बांधायसाठी नाहीच. एका बाजूनं धरलेली, दुसऱ्या बाजूनं मोकळी. रस्त्यानं मागं-पुढं हलावं, पण वर-खाली होऊ नये, त्यासाठी ही."

त्या एका वाक्यानं माझी उत्सुकता वाढली. पुढं मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं. आज तुम्हाला सांगतो आहे ती या सळईची गोष्ट. इंजिनिअर लोक तिला 'डॉवेल बार' म्हणतात. डॉवेल म्हणजे सुताराची खुंटी. दोन फळ्या जोडताना सुतार मध्ये जी लाकडी खुंटी ठोकतो, तिचंच हे लोखंडी भावंडं.

आधी प्रश्न असा की रस्त्याला सांधे हवेत कशाला? सलग, एकसंध रस्ता का करत नाहीत?

याचं उत्तर आपल्या काळ्या रानात आहे. हिंगोली-वसमत-कळमनुरीकडची जमीन चैत्र-वैशाखात पाहा. पाणी सुकलं की माती आकसते आणि आकसायला जागा नसली की तिला भेगा पडतात. वाटेल तिथं, वाटेल तशा. काँक्रीटचंही तसंच असतं. ओलं काँक्रीट सुकताना आकसतं. नंतर दिवसाच्या उन्हानं ते फुगतं आणि रात्रीच्या गारव्यानं पुन्हा आकसतं. दाब सोसण्यात काँक्रीट पहिलवान आहे, पण ताण सोसण्यात अगदीच दुबळं. आकसताना खालचा थर त्याला धरून ठेवतो, ताण पडतो आणि ते तडकतं.

तडकणार हे ठरलेलंच आहे, तर कुठं तडकायचं ते आपणच ठरवावं, ही यामागची युक्ती. काँक्रीट घट्ट झालं की काही तासांतच कटर लावून त्यावर आडव्या खाचा पाडतात. खाच सगळी जाडी कापत नाही, जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच खोल असते. तेवढी जागा दुबळी झाली की तडा बरोबर तिच्याखाली जातो, सरळ रेषेत. आपल्याकडे महामार्गावर अशी खाच साधारण साडेचार मीटरवर येते. एका किलोमीटरला सव्वादोनशेच्या आसपास सांधे. एसटीत ऐकू येणारी टक्-टक् ती यांची. तो कच्च्या कामाचा पुरावा नाही, मुद्दाम ठेवलेला विसावा आहे. कवितेच्या ओळीत यती असतो ना, तसा. ओळ लांब असेल तर श्वास घ्यायला जागा ठेवावीच लागते. नाही ठेवली, तर वाचणारा भलतीकडे थांबतो आणि शब्द मोडतो.

पण सांधा केला की नवी अडचण उभी राहते. आता रस्ता म्हणजे एक वस्तू राहिली नाही, साडेचार-साडेचार मीटरच्या सुट्या स्लॅबांची रांग झाली. मालानं भरलेला ट्रक एका स्लॅबच्या कडेवर आला की ती कड किंचित खाली दबते. पुढचा स्लॅब मात्र अजून वरच. चाक पुढं गेलं की पहिला वर उसळतो, दुसरा दबतो. दिवसातून हजारो वेळा असं घडतं. सांध्यातून मुरलेलं पावसाचं पाणी खाली साचलेलं असलं, तर स्लॅब दबताना ते पाणी जोरात बाहेर फेकलं जातं आणि सोबत खालची बारीक माती घेऊन येतं. इंजिनिअर याला 'पंपिंग' म्हणतात. आपल्याकडच्या हापशासारखंच हे. प्रत्येक ट्रक एक हापसा मारतो. हळूहळू स्लॅबखाली पोकळी तयार होते, कड अधांतरी राहते, एक स्लॅब खाली बसतो आणि दोहोंमध्ये पायरी पडते. मग गाडीला टक्-टक् ऐवजी दणके बसायला लागतात. शेवटी कोपरा तुटतो.

इथं ती सळई कामाला येते. ती स्लॅबच्या जाडीच्या मधोमध आडवी असते, निम्मी या स्लॅबमध्ये, निम्मी त्या. या स्लॅबवर चाक आलं की सळईमार्फत शेजारचा स्लॅबही वजन उचलतो. दोघं मिळून दबतात, दोघं मिळून वर येतात. पायरी पडत नाही. मात्र ती गुळगुळीत आणि प्लॅस्टिकमध्ये असल्यानं दोन्ही स्लॅब आपापल्या जागी आकसायला-फुगायला मोकळे राहतात. ही हालचाल किती? साडेचार मीटरचा स्लॅब तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर हलतो. एवढीशी मोकळीक. पण ती दिली नाही तर स्लॅब फुटतो.

रस्त्यात दुसऱ्याही सळ्या असतात, त्यांच्यात आणि हिच्यात गल्लत करू नये. दोन लेनच्या मधल्या उभ्या सांध्यात पिळाच्या सळ्या घालतात, त्यांना 'टाय बार' म्हणतात. त्यांचं काम धरून ठेवण्याचं, लेन एकमेकींपासून सरकू नयेत म्हणून. आडव्या सांध्यातल्या डॉवेलचं काम आधार देण्याचं, पण अडवायचं नाही. धरून ठेवणारी सळई डॉवेलच्या जागी गेली, तर सांधा असूनही नसल्यासारखा होतो आणि तडा दुसरीकडे जातो.

आता मुख्य मुद्दा. ही सळई किती जाड असावी? किती लांब? किती अंतरावर? हे कोणी आणि कसं ठरवलं? ही उत्तरं एका दिवसात सापडली नाहीत.

अमेरिकेत १९१७-१८ च्या हिवाळ्यात व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूजजवळ लष्कराच्या दोन छावण्यांना जोडणारा काँक्रीटचा रस्ता झाला. वीस फूट रुंदीच्या त्या रस्त्याच्या सांध्यात पाऊण इंची चार सळ्या घातल्या होत्या. डॉवेलचा हा पहिला वापर मानतात. कल्पना पसरली. १९३० पर्यंत तिथल्या जवळजवळ निम्म्या राज्यांनी डॉवेल घालायला सुरुवात केली होती, पण प्रत्येकाचं माप निराळं. एक राज्य म्हणे, अर्धा इंच जाडीच्या आणि चार फूट लांबीच्या दोन सळ्या घाला. दुसरं म्हणे, पाऊण इंची, दोन फूट लांब, पण आठ घाला. ज्याला जे सुचेल ते. अनुभवाचा आधार नव्हता, अंदाजाचा होता.

पुढं कळलं की त्यातल्या बऱ्याच सळ्या लांबीला फार आणि जाडीला कमी होत्या. १९४० च्या सुमारास फ्रायबर्ग नावाच्या अभियंत्यानं गणित मांडून दाखवलं की खरा भार सांध्याच्या तोंडाशीच येतो. सळईचं आत खोलवर गेलेलं टोक जवळपास आरामच करत असतं. आणि सळई बारीक असेल तर तिच्याखालचं काँक्रीट चेपतं. साबणाची वडी दोऱ्यानं कापून पाहा, सहज कापली जाते. तोच जोर जाड दांडक्यानं लावला तर वडीवर नुसता वळ उमटतो. बारीक सळई काँक्रीटमध्ये दोऱ्यासारखी वागते. भोक हळूहळू मोठं होतं, सळई आत खुळखुळायला लागते आणि मग ती असून नसल्यासारखी. जुन्या बैलगाडीच्या चाकाचं भोक झिजलं की चाक जसं लडबडतं, तसंच.

या साऱ्या अनुभवातून १९५० च्या दशकात अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या समितीनं एक सोपा नियम सुचवला. सळईची जाडी स्लॅबच्या जाडीच्या एक अष्टमांश, दोन सळ्यांत अंतर बारा इंच, लांबी अठरा इंच. अठरा इंच म्हणजे आपला एक हात. कामावर पाहिलेल्या सळ्या मला हातभर वाटल्या, तो नुसता भास नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. भारतात रस्त्यांना एक शिस्त असावी हा विचार ज्या समितीनं मांडला, तिचे अध्यक्ष एक मराठी माणूस होते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढं ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. रस्ते हा केवळ स्थानिक प्रश्न नाही, साऱ्या देशाचा आहे, असं तिनं सांगितलं. या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ मध्ये 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते अशी रस्त्यांची प्रतवारी ठरली. आज आपण जे शब्द सहज वापरतो, ते त्या बैठकीचं देणं.

काँक्रीटच्या महामार्गांच्या आराखड्यासाठी या इंडियन रोड्स काँग्रेसनं १९७४ मध्ये पुस्तिका काढली. तिचा क्रमांक ५८. पुढं तिच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. २०१५ च्या आवृत्तीतलं कोष्टक पाहिलं तर असं दिसतं. स्लॅब २०० मिलिमीटर जाड असेल तर सळई २५ मिलिमीटरची. २५० ला ३२. ३०० ला ३८. दोन सळ्यांमधलं अंतर ३०० मिलिमीटर. आता स्लॅबच्या जाडीला आठानं भागून पाहा. पंचवीस, सव्वाएकतीस, साडेसदतीस. तोच एक अष्टमांशाचा नियम, जवळच्या मोठ्या मापात बसवलेला! आणि ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तेच बारा इंच. परदेशातल्या चुकांवरून मिळालेला धडा आपल्या कोष्टकात येऊन बसलेला आहे. प्रमाण म्हणजे आधीच कुणीतरी भरलेली किंमत. ती पुन्हा आपण भरू नये एवढ्यासाठी ते असतं.

हे कोष्टक दगडावरची रेघ नाही. २००२ च्या आवृत्तीत ३०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला ३२ मिलिमीटरची सळई पुरत होती. आता ३८ ची लागते. कारण रस्त्यावरची वाहतूक वाढली. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चार चाकांच्या एका आसावर कायद्यानं चालणारं वजन १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेलं. फरक थोडा दिसतो. पण अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून एक ठोकताळा निघाला. आसावरचं वजन वाढलं की रस्त्याची हानी त्याच्या चौथ्या घाताच्या आसपास वाढते. या हिशेबानं त्या सव्वा टनानं एका फेरीची हानी जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढते. आणि कायद्याहून जास्त माल भरलेल्या गाड्या रोज किती जातात, ते रस्त्याकडेच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे.

अमेरिकेतली गोष्टही तिथं संपली नव्हती. सळईचा नियम ठरला, तरी ती ज्यावर बसवतात त्या घोड्याची उंची, लांबी, तारेची जाडी राज्याराज्यांत वेगळीच राहिली. कारखानदाराला प्रत्येक राज्यासाठी वेगळा घोडा बनवावा लागे. एका राज्यासाठी केलेला माल शेजारच्या राज्यात चालत नसे. २०११ मध्ये आयोवा राज्यातल्या काँक्रीट रस्त्यांच्या राष्ट्रीय तंत्रकेंद्रानं हे सगळं एकसारखं करण्याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. पहिल्या सळईनंतर नव्वदहून जास्त वर्षांनी!

आपल्याला याचं हसू येऊ नये. माप वेगळं असलं की काय होतं, ते हिंगोलीकरांना कुणी सांगायला नको. निजामाच्या काळात मराठवाड्यात रेल्वे आली ती मीटर गेजची, दोन रुळांत एक मीटर अंतर. मुंबईकडची गाडी ब्रॉडगेजची. दोन्ही रेल्वेच, दोन्ही लोखंडाच्याच. पण मनमाडला सांधा जुळत नव्हता. माणसांनी उतरून गाडी बदलायची, माल उतरवून पुन्हा भरायचा. मनमाडपासून रुंदीकरण नव्वदच्या दशकात झालं. आमचा पूर्णा-हिंगोली-अकोला मार्ग ब्रॉडगेज व्हायला २००८ साल उजाडलं. तोवर हळदीचं पोतं हिंगोलीहून थेट कुठं जाऊ म्हटलं तर वाटेत हमालांच्या पाठीवर चढ-उतार ठरलेली. रुळांतल्या अंतराच्या त्या फरकापायी एक अख्खा प्रदेश मागं राहिला.

खरं सांगायचं तर 'प्रमाण' या शब्दाची मला थोडी अढी होती. माझ्या घरात दखनी, अंगणात मराठवाडी बोली आणि वहीत मराठी. शाळेत 'प्रमाण भाषा' म्हणून जे शिकवलं, त्यात आमच्या आया-बहिणींचे कितीतरी शब्द अशुद्ध ठरले. त्यामुळं कुणी प्रमाणीकरण म्हटलं की वाटायचं, आता सगळ्यांना एका साच्यात ओतणार. या सळईनं माझा तो गैरसमज अर्धा दूर केला. अर्धा अशासाठी, की प्रमाण कुठं हवं आणि कुठं नको, हे तिनं दाखवलं. स्लॅब किती जाड घ्यायचा, खडी कुठल्या खाणीची, खालची जमीन कशी, हे जागेप्रमाणं बदलतं आणि बदलायलाच हवं. मात्र जिथं एकाचा दुसऱ्याशी सांधा येतो, तिथं माप एक हवं. कारण सांधा एकट्याचा नसतो.

सळईचं माप कोष्टकात ठरवणं सोपं. खरी परीक्षा ती बसवण्यात आहे. डॉवेल रस्त्याच्या मध्यरेषेला आणि पृष्ठभागाला समांतर असावी लागते. एका सांध्यात एका लेनला अकरा-बारा सळ्या येतात. त्यातल्या दोन जरी तिरक्या झाल्या, तर स्लॅब सरकू पाहतो आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. टेबलाचा खण एका बाजूनं ओढला की अडकतो ना, तसं. सांधा गोठतो आणि काँक्रीट शेजारी फुटतं. म्हणून काही ठिकाणी सळ्या घोड्यावर बांधून घोडा खालच्या थराला पक्का खिळवतात, तर काही ठिकाणी पेव्हर यंत्रच ओल्या काँक्रीटमध्ये कंप देत सळ्या खाली बसवतं. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशात सळईची टोकं कशी असावीत हेही लिहिलं आहे. स्वच्छ कापलेली, कुठंही कंगोरा न राहिलेली. टोकाशी राहिलेला लोखंडाचा एवढासा कंगोरा सळईला आकड्यासारखा अडकवून ठेवतो.

आणि शेवटी ती कटरची खाच. सळ्यांच्या बरोबर मध्यावर ती पडली पाहिजे. काँक्रीट ओतल्यावर सळ्या दिसत नाहीत, म्हणून दोन्ही कडांना आधी खुणा करून ठेवतात. रात्रपाळीत ती खूण पुसली गेली किंवा कुणी अंदाजानं कटर चालवला, तर खाच वीतभर बाजूला जाते. मग तडा जिथं गेला तिथं सळई नाही, आणि सळई जिथं आहे तिथं तडा नाही. लोखंड पूर्ण वापरलं, पैसे पूर्ण दिले, आणि रस्ता तरीही बिनसळईचा.

थोडा हिशेब करू. चौपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरमध्ये सुमारे दहा हजार डॉवेल येतात. आपल्या राज्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तो सहापदरी आणि काँक्रीटचा. शेजारच्या वाशीम, बुलढाणा, जालना जिल्ह्यांतून गेलेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तोही काँक्रीटचा आणि सहापदरी. २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू होऊन जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. साडेचार मीटरला एक सांधा धरला, तर एवढ्या लांबीच्या सहापदरी रस्त्यात एक कोटीच्या आसपास सळ्या लागतात. बत्तीस मिलिमीटर जाडीच्या हातभर सळईचं वजन पावणेतीन किलोच्या वर भरतं. एवढं सगळं लोखंड कुणाच्याही नजरेला न पडता जमिनीत गाडलेलं असतं. काँक्रीटच्या महामार्गाचा आराखडा तीस वर्षांच्या आयुष्याचा करतात. ती तीस वर्षं मिळणार की सात-आठ वर्षांतच कोपरे फुटणार, हे बऱ्याच अंशी काँक्रीट ओतलं त्या दिवशीच्या काही तासांत ठरून जातं. एखादा स्लॅब फुटला की तो फोडून काढायचा, नवा ओतायचा, तो पिकेपर्यंत लेन बंद ठेवायची. त्या बंद लेनमध्ये रुग्णवाहिकाही अडकते आणि उसाची ट्रॉलीही.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, सळई म्हणजे सर्व रोगांवरचं औषध नाही. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते, वाळली की बसते. खालची भर नीट केली नाही, पाण्याला वाट ठेवली नाही, तर वर कितीही चोख सळ्या घातल्या तरी स्लॅब अधांतरी लटकणारच. दुसरी, प्रत्येक सिमेंट रस्त्याला डॉवेल लागतेच असं नाही. गल्लीतल्या, वाडी-वस्तीवरच्या कमी जाडीच्या रस्त्याला ती घालत नाहीत. तिथं वाहतूक हलकी असते आणि पातळ स्लॅबमध्ये जाड सळई उलट त्रास देते. तेव्हा उद्या ग्रामपंचायतीत जाऊन "आमच्या गल्लीतल्या सळ्या कुठं गेल्या?" म्हणून भांडू नका.

महामार्गाचं मात्र विचारता येतं. प्रमाण ठरलेलं असलं की त्याचा सर्वांत मोठा फायदा इंजिनिअरला नाही, आपल्याला होतो. माप छापील पुस्तिकेत आहे, म्हणून सामान्य माणूसही विचारू शकतो, की स्लॅब किती जाडीचा आहे, सळई किती मिलिमीटरची घातली, तपासणी कधी झाली? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कागदपत्रं पाहण्याचाच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. काँक्रीट न फोडता आतली सळई सरळ आहे की तिरकी, हे चुंबकीय पद्धतीनं दाखवणारी यंत्रंही आता आहेत. ती रस्त्यावरून ढकलत न्यायची एवढंच. म्हणजे गाडलं गेलं म्हणून लपलं, असं आता राहिलेलं नाही. विचारणारा मात्र हवा. माप ठरलेलं नसतं, तर विचारणार तरी कशाच्या आधारावर? "काम कच्चं दिसतंय" एवढंच म्हणून आपण पुन्हा झोपी गेलो असतो.

त्या दिवशी आमच्या गाडीचं चाक बदलून झालं. निघताना मी मुकादमाला म्हटलं, "बाबा, एवढं निगुतीनं करताय, पण उद्या हे कुणाला दिसणार आहे?" तो सळईच्या टोकावरून अंगठा फिरवत होता, कंगोरा राहिलाय का ते पाहत होता. म्हणाला, "दिसणार नाही चाचा. पण वाजलं तर ऐकू येईल की."

तेव्हापासून एसटीत खिडकीशी बसलो की मी कान देऊन ऐकतो. आवाज हलका, एका लयीत येत असेल, तर समजतो की खाली कुणीतरी आपलं काम मापात केलंय. दणका बसला, की त्या जागेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा टिपून ठेवतो. घरी आलो की पोस्टकार्ड लिहायला उपयोगी पडतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)